पदराकडून लावलेला फॉल

पेगीचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होते. पेगी सकाळी कधी फोन करत नाही. सकाळची वेळ कोंबड्यांची आणि देवाची, माणसांशी काय बोलायचं ते दुपारी, असा तिचा जुना नियम. त्यामुळे तिचं नाव दिसताच गाळणं तसंच कपावर ठेवलं. "वासंती, ही इज गॉन," ती म्हणाली. "झोपेतच गेला. काल जेवणानंतर पीच कॉबलर दोनदा मागून खाल्लं, गॅरेजमधला दिवा घालवला आणि येऊन झोपला... दॅट्स इट." मग नाक पुसत ती म्हणाली, "आणि हो, तुझी साडी झालीय. परवाच सांगून ठेवलं होतं त्याने. वासंतीला कळव, साडी झाली." नवरा गेला त्या सकाळी कोणती बायको असा निरोप देते? पेगीने दिला. मी ओट्याला धरून आधी रडले, मग हसले, आणि आवाज ऐकून श्रीकांत धावत आला तेव्हा त्याला धड काही सांगताच येईना.

त्याला आता दीड महिना होऊन गेला. या पुरवणीच्या वाचकांपैकी फार थोड्यांना एमेट ग्रीली हे नाव माहीत असेल. ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या स्पोर्ट्स कारच्या शर्यती ज्यांनी पाहिल्या, त्यांना कदाचित आठवेल. जॉर्जियाचा उंच, हडकुळा, निळ्या गाडीतला ड्रायव्हर. पोस्टरवर छापून येणाऱ्यांपैकी तो नव्हता. पण पोस्टरवरचे लोक शर्यतीच्या आदल्या दिवशी ज्याच्याशेजारी बसून कॉफी प्यायचे आणि "त्या वळणावर तू ब्रेक कुठे मारतोस?" असं हळूच विचारायचे, तो एमेट. अटलांटाच्या मराठी बायकांना मात्र यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांच्या लेखी एमेट म्हणजे साडीला फॉल लावून देणारा माणूस. दोन्ही माहिती खरी आहे, आणि दोन्हींच्या मध्ये मी आहे, म्हणून हे लिहायला बसले.

मी नागपूरची. तिथे फिजिओथेरपी शिकले आणि लग्न करून श्रीकांतच्या मागे इकडे आले. आज अटलांटाजवळच्या आमच्या अल्फारेटाला देशी दुकानांत पार्किंग मिळत नाही, तेव्हा इथे घोड्यांचे तबेले आणि मोकळी शेतं होती. अटलांटाच्या एका हॉस्पिटलात मला नोकरी लागली, आणि दोन-तीन वर्षांतच एका शरद ऋतूत एमेट माझ्या टेबलवर येऊन पडला. उताराच्या तळाशी गाडीचे ब्रेक गेले होते आणि गाडी भिंतीवर आदळली होती. बाकी सगळा माणूस धडधाकट, फक्त डावा पाय पेडलांच्या मध्ये अडकून घोट्याचा चुरा झालेला. सर्जनने पट्ट्या आणि स्क्रू घालून घोटा जमवला होता, पण तो हलत नव्हता. दाराच्या गंजक्या बिजागरीसारखा झाला होता. मी कागद वाचून म्हटलं, "मिस्टर ग्रीली, आधी आपण कुबडीशिवाय चालायला शिकू." तो म्हणाला, "चालायची मला घाई नाही, मॅम. चालणं पेगी करेल. मला क्लच दाबायचाय."

खरं सांगते, मला राग आला. शर्यत या प्रकाराबद्दल माझं मत तेव्हा अगदी स्पष्ट होतं. एवढं पेट्रोल जाळायचं, जीव धोक्यात घालायचा आणि गोल फिरून जिथून निघालो तिथेच परत यायचं, याला काय म्हणायचं? मी ते बोलूनही दाखवलं. एमेट दुखावला नाही. त्याने माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि टेबलावरच्या कागदी चादरीवर ट्रॅक काढला. चढ, उतार, डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे, मग लांबलचक सरळ रस्ता. "गोल फिरणारे वेगळे, मॅम. आमचा रस्ता गावाकडच्या रस्त्यासारखा असतो. प्रत्येक वळणाला गिअर बदलायचा, आणि हे तासन् तास. एकाने थकेपर्यंत चालवायची, मग दुसऱ्याने." त्या चादरीवर त्याने मला त्याचं अर्धं आयुष्यही सांगून टाकलं. वडिलांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान, तांबड्या मातीच्या रस्त्यांवर शिकलेलं ड्रायव्हिंग, आणि मग क्लबच्या शर्यती. आठवडाभर ज्या गाडीने कामावर जायचं, तिच्याच दिव्यांना चिकटपट्टी लावून रविवारी तीच शर्यतीत पळवायची, आणि सोमवारी पट्टी काढून परत कामावर. चाळिशीला टेकल्यावर कुठे एका खऱ्या टीमने त्याला घेतलं होतं. त्याला गाडी चालवण्याचा पगार मिळू लागून जेमतेम दोन हंगाम झाले होते.

टीमचा मालक फ्लोरिडातला एक बिल्डर होता. माणूस वाईट नव्हता, पण त्याला वसंतात गाडी ट्रॅकवर उतरवायची होती आणि कॅलिफोर्नियाचा एक तरुण ड्रायव्हर त्याने हेरूनही ठेवला होता. त्याने एमेटला सरळ सांगितलं होतं. वसंतात चाचणी होईल, तेव्हा टाकीतलं पेट्रोल संपेपर्यंत एमेटने गाडी चालवून दाखवायची, वेग न सोडता. जमलं तर जागा त्याची, नाही तर त्या पोराची. त्या गाड्यांचा क्लच म्हणजे आपल्या गाड्यांचा नव्हे, चांगला दणकट माणूसही दाबून दाबून टेकीला येतो. एमेटच्या हातात एक हिवाळा होता.

आणि त्या हिवाळ्यात हा गृहस्थ व्यायाम करायला तयार नाही! रबराच्या पट्ट्या ओढायच्या, टॉवेल बोटांनी गोळा करायचा, असले प्रकार दिले की दहा वेळा करायचा आणि छताकडे बघत बसायचा. कंटाळा हा त्याचा एकमेव मोठा दुर्गुण होता. एके दिवशी मी वैतागून पेगीला म्हटलं, "आमच्या नागपूरच्या हॉस्पिटलात पायाचं शिलाई मशीन होतं. पाय मोडलेल्या पेशंटना त्यावर बसवायचे आणि हॉस्पिटलच्या चादरींना टीप मारून घ्यायचे. चादरी पण व्हायच्या आणि घोटेपण सुटायचे." पुढच्या आठवड्यात पेगीने मला घरी जेवायला बोलावलं आणि आधी गॅरेजमध्ये नेलं. इंजिनं, टायर, पाने यांच्या मधोमध तिच्या आजीचं काळं मशीन, त्यावरची सोनेरी वेलबुट्टी अर्धी उडालेली, खाली लोखंडी जाळीचं पायडल. दोन दिवस एमेटने ते उघडून, धुऊन, तेल घालून चकचकीत केलं होतं. यंत्र दिसलं की त्याचा कंटाळा पळायचा, हे पेगीला लग्नापासून माहीत होतं.

मी त्याला दोन्ही पाय पायडलवर ठेवायला लावले आणि म्हटलं, "दाब." हात दाखवून समजावलं. मग "सोड". मराठीत का म्हटलं, तर नागपूरच्या पेशंटना तसंच म्हणायची सवय, ती तोंडातून गेलीच नव्हती. "दाब... सोड... दाब... सोड." पहिल्या दिवशी चाक उलटंच फिरलं, दोरा तुटला, एमेटच्या कपाळावर घाम आला आणि त्याने तोंडातल्या तोंडात जे काही म्हटलं ते मी ऐकलं नाही असं दाखवलं. दुसऱ्या खेपेला चाक सुलटं फिरलं. पण त्याला शिवायला काहीतरी हवं होतं. फडक्यांवर टिपा मारायला लावल्या तर एका तासात त्याने पेगीच्या सगळ्या फडक्यांची चाळण केली आणि परत छताकडे बघायला लागला. मला पाहिजे होती लांब, सरळ, न थांबता मारायची टीप, म्हणजे घोटा एका लयीत बराच वेळ चालत राहिला असता. अशी टीप कशाला लागते? घरी जाताना गाडीत माझं मलाच हसू आलं.

त्या काळी इथल्या प्रत्येक मराठी घरात दोन-चार साड्या फॉलवाचून पडलेल्या असायच्या. भारतात गेलं की खरेदी व्हायची आणि फॉल लावायला वेळ मिळायचा नाही. मग जुळत्या रंगांच्या फॉलचं पुडकं साडीच्या घडीत खोचून बॅगेत भरायचं आणि इकडे येऊन कपाटात ठेवून द्यायचं. इथे फॉल लावणार कोण? मी आमच्या मंडळात फोन फिरवले आणि शनिवारी दहा-बारा साड्या घेऊन एमेटच्या गॅरेजमध्ये उभी राहिले. पुरवणीच्या पुरुष वाचकांसाठी सांगते, फॉल म्हणजे साडीच्या खालच्या काठाला आतून लावायची कापडाची पट्टी. तिच्यामुळे निऱ्या जड होतात आणि नीट पडतात. खालची कड मशीनवर, वरची कड हातशिलाईने. खालची कड म्हणजे एकदा बसलं की सरळ, लांब, अखंड टीप. एमेटने पहिली साडी हातात घेतली, लांबी बघून शीळ घातली आणि विचारलं, "मिस वासंती, ही एका बाईची?"

पुढचे दोन महिने ते गॅरेज बघण्यासारखं होतं. भिंतीवर हेल्मेटं टांगलेली, आणि मशीनमागे टायरच्या थप्पीवर अंथरलेल्या स्वच्छ चादरीवर इरकली, कलकत्ता, गढवाल. साड्यांना ग्रीस लागू नये म्हणून एमेट आधी कोपरापर्यंत हात धुवायचा, सर्जनसारखा. पेगी घड्या घालायची. आठ वर्षांची आमची केतकी खाली मांडी घालून बॉबिन भरायची आणि त्याच्याशी इंग्रजीत अखंड बडबड करायची. त्याला एमेटकाका म्हणायला तिनेच सुरुवात केली. पायाला पायडलची लय सापडली तशी घोट्यातली बिजागरी रोज थोडी थोडी सुटत गेली. टीपही अशी सरळ यायची की बायका थक्क व्हायच्या. त्याला विचारलं तर म्हणायचा, "सोपं आहे. सुईकडे बघायचं नाही. टीप जिथे पोचायची आहे तिथे बघायचं. वळणावर पण तेच करतात."

आणि मग ती मंदाकाकूंची साडी आली. मंदाकाकू म्हणजे आमच्या मंडळाच्या सर्वेसर्वा. नवरा मोठा सर्जन, माहेर पुण्याचं, आणि आवाज असा की हॉलमध्ये माईक लागायचा नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी त्यांनी काळी चंद्रकळा मागवली होती. ती अगदी शेवटच्या दिवशी एमेटकडे गेली आणि सकाळी थेट त्यांच्या घरी. काकूंनी नेसायला घेतली, तर निऱ्यांकडे फॉलच नाही. फॉल होता दुसऱ्या टोकाला, पदराच्या काठाला! काळ्यावर काळा, आणि पदराची नक्षी आतल्या घडीत दडलेली, त्यामुळे एमेटला कुठलं टोक कुठलं ते कळलंच नव्हतं. खालची टीप नेहमीसारखी चोख. वरची कड मीच आदल्या दिवशी टीव्ही बघत हातशिलाईने घातली होती आणि मलाही कळलं नव्हतं, हे इथे नाइलाजाने लिहावं लागतंय.

उसवायला वेळ नव्हता. काकू तशाच नेसून आल्या. हॉलमध्ये एमेट आणि पेगीही होते. पेगी आम्हा बायकांत बसून वाण आणि हळदीकुंकू घेत होती आणि एमेट पुरुषांच्या घोळक्यात कुबडी टेकून तिळगुळाच्या वड्या उडवत होता. काकू वळल्या आणि पदराच्या आतली पट्टी त्याला दिसली. दोन महिने फॉल लावत होता तो, चूक कळायला त्याला क्षणही लागला नाही. कानापर्यंत लाल होऊन तो घोळक्यातून निघाला आणि लंगडत काकूंसमोर गेला. "मॅम, आय रुइन्ड युअर सारी." काकूंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. मग पदर एका झटक्यात मागे टाकला. पट्टीच्या वजनाने तो जो सरळ पडला, तो पडलाच. "हे बघ," त्या म्हणाल्या, "आयुष्यभर हा पदर मला खांद्यावरून सतावतोय. आज पहिल्यांदा शिस्तीत बसलाय. धिस इज नॉट मिस्टेक, एमेट. धिस इज फर्स्ट क्लास." आणि माझ्याकडे वळून मराठीत, "खबरदार उसवलास तर." एमेटने मात्र त्या दिवसापासून एक शिस्त लावून घेतली. साडी हातात आली की आधी पदर शोधायचा आणि त्याला वाळत घालायच्या कपड्यांचा लाल चिमटा लावायचा. लाल चिमटा म्हणजे इकडे यायचं नाही. पुन्हा ती चूक त्याच्या हातून कधी झाली नाही.

चाचणी वसंतात झाली, डॉगवुडची झाडं पांढऱ्या फुलांनी भरली होती तेव्हा. अटलांटाच्या ईशान्येला टेकड्यांमध्ये तो ट्रॅक आहे. मी सुट्टी घेतली, आणि मंदाकाकू म्हणाल्या, "मीपण येते, मलाही बघू दे काय करतो तो." थंडी होती, तरी त्या कोटाखाली तीच चंद्रकळा नेसून आल्या आणि पदर कोटाबाहेर काढून उभ्या राहिल्या. मेकॅनिक त्यांच्याकडे टकामका बघत होते. मालक आला, तो कॅलिफोर्नियाचा पोरगाही आला. एमेट गाडीत बसला. इतके दिवस मला तो घोटा म्हणजे माझं काम वाटत होतं. त्या सकाळी पहिल्यांदा लक्षात आलं की मला त्याने जिंकायला हवं होतं. त्याच मूर्ख, पेट्रोल जाळणाऱ्या, वाकड्यातिकड्या रस्त्यावर!

निळी गाडी फेऱ्या मारत राहिली. पेगी हातात स्टॉपवॉच घेऊन ओठ घट्ट मिटून उभी. थोड्या वेळाने रेडिओपाशी बसलेला मेकॅनिक गोंधळून म्हणाला, "हा काहीतरी बोलतोय. कोडमध्ये." मला हेडफोन दिला. इंजिनाच्या गडगडाटात एमेटचा आवाज होता, "दाब... सोड... दाब... सोड." सरळ रस्त्यावर डाव्या पायाला काम नसतं. तेव्हा घोटा आखडू नये म्हणून तो क्लचशेजारच्या पाय टेकायच्या पट्टीवर पाय चालवत होता, मशीनवर बसल्यासारखा. मी मालकाला काही सांगितलं नाही. मग एका फेरीला गाडी आलीच नाही. इतर काही आवाजही नाही, नुसती पाखरं. पेगीने स्टॉपवॉच खाली केलं. काकूंनी माझा दंड असा धरला की वळ उठले. "झालं काय गं?" मला कुठे माहीत होतं... आणि मग टेकडीपलीकडे इंजिन खाकरलं, बंद पडलं, परत खाकरलं, आणि गरजलं. गाडी आली ती गवत आणि माती माखून. वळणावर ती गिरकी घेऊन गवतात गेली होती आणि इंजिन बंद पडलं होतं. "चढावर," पेगी पुटपुटली. "चढावर बंद पडलेली गाडी त्याने काढली. व्हॉट फुट डू यू थिंक ही डिड दॅट विथ? द लेफ्ट!" आणि ती रडायला लागली. पुढच्या फेरीची वेळ आधीच्या सगळ्या फेऱ्यांपेक्षा चांगली होती. टाकी रिकामी झाली तेव्हा निळी गाडी आवाज न करता, नुसत्या वेगावर घरंगळत पिटमध्ये, आम्ही उभे होतो त्या थांब्यावर, आली. एमेट बाहेर पडला, दोन्ही पायांवर उभा राहिला. मालकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि "सीट तुझी" असं काहीतरी म्हणाला. एमेट हो म्हणून आमच्याकडे आला आणि काकूंकडे बघत मला म्हणाला, "मिस वासंती, त्यांना सांगा, माझ्या शर्यतीला दुसरी साडी नेसायची नाही."

झालं. काकूंना तेवढंच पाहिजे होतं. हंगाम संपता संपता घरच्या ट्रॅकवरची मोठी शर्यत एमेटच्या टीमने त्यांच्या गटात जिंकली, तेव्हा काकू तीच साडी नेसून पिटच्या कठड्याशी होत्या आणि पर्समधून औक्षणाचं ताम्हन काढत होत्या. एमेट हेल्मेट काढून घामेजलेला पुढे आला, त्यांनी निरांजनातली वात लावली मात्र, कुठून तरी लाल कपड्यातला एक माणूस हातात आग विझवायचं नळकांडं घेऊन आरडाओरडा करत धावत आला. आजूबाजूला पेट्रोलचे ड्रम उभे होते, ते आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं! काकूंनी शांतपणे वात विझवली, मेकॅनिकच्या हातातली टॉर्च घेतली, ताम्हनात ठेवून पेटवली आणि एमेटला ओवाळलं. त्याच्या नाकाला कुंकू लागलं. त्या वेळचा फोटो आमच्या जिन्याच्या भिंतीवर आहे. त्यात एमेट डोळे मिटून उभा आहे, आणि तो लाल कपड्यातला माणूस टोपी काढून.

पुढची सहा-सात वर्षं त्याच्या कारकिर्दीतली सगळ्यात चांगली. उन्हाळ्यात तो देशभर ट्रेलर घेऊन हिंडायचा, फ्लोरिडाची उष्णता, विस्कॉन्सिनचा पाऊस, कुठल्या तरी विमानतळाच्या धावपट्टीवर आखलेले ट्रॅक. जिंकला त्यापेक्षा हरला जास्त, इंजिनं फुटली, एकदा तर चाक सुटून त्याच्या पुढे पळालं. तो घरी येऊन हे सगळं असं रंगवून सांगायचा की हरलेल्या शर्यतीच जास्त ऐकाव्याशा वाटायच्या. हिवाळ्यात तो मशीनवर बसायचा. "सर्व्हिसिंग" म्हणायचा त्याला. आमच्या गणपतीचे मखमली पडदे त्याने शिवले, केतकीचा पहिला परकर शिवला. दशक संपता संपता त्याने हेल्मेट खिळ्याला टांगलं आणि नवीन ड्रायव्हरांना शिकवायला लागला. केतकीला क्लचची गाडी त्यानेच शिकवली. ती चढावर गाडी बंद पाडून रडकुंडीला आली की हा शेजारी बसून, "दाब. सोड." ती चिडायची, "काका, आय नो!" आज ती पन्नाशीत आहे, मॉरिसव्हिलला असते, आणि तिची मुलगी गाडी शिकायला लागली तेव्हा तिनेही तेच दोन शब्द वापरले. मंदाकाकू गेल्या, त्यांची चंद्रकळा टेक्सासला सुनेकडे आहे. फॉल अजून पदराला आहे.

आता त्या निरोपाबद्दल. तीन वर्षांपासून माझ्या डाव्या गुडघ्याची बोंब आहे. डॉक्टर म्हणतात बदला, आणि आयुष्यभर दुसऱ्यांचे गुडघे वाकवणारी मी, तारीख घेते आणि रद्द करते. कधी केतकीचं काम, कधी कोण पाहुणे, कधी उगीच. घाबरते, दुसरं काय! एमेटने ते कधीच ओळखलं होतं. "मिस वासंती, तुमच्याकडे एक पेशंट आहे, फार टाळाटाळ करते," असं तो दर भेटीत म्हणायचा. शेवटचं भेटलो तेव्हा मी त्याला करवतकाठी टसर दिली फॉल लावायला. म्हटलं, "काही घाई नाही, ऑपरेशन झाल्यावर नेसेन." त्याने साडी मांडीवर घेतली, चष्मा सारखा केला आणि म्हणाला, "बरं. मग असं ठरवू. साडी झाली, की तुम्ही तारीख घ्यायची. रद्द करायची नाही." मी हो म्हटलं. ऐंशी ओलांडलेला माणूस, हात थरथरतो, कुठे इतक्यात होणार साडी, असा माझा हिशेब होता.

गेल्या रविवारी मी पेगीकडे गेले. ती मला गॅरेजमध्ये घेऊन गेली. हेल्मेट खिळ्याला होतं, मशीनवर आवरण नव्हतं, सुईत पिवळा दोरा ओवलेला होता. साडी बाजूच्या स्टुलावर घडी घालून ठेवली होती, पेगीच्या हातची घडी. मी ती उलगडली. निऱ्यांकडचं टोक पाहिलं, फॉल नाही. गेला बिचारा, म्हातारपणी गोंधळला, असं वाटलं. मग दुसरं टोक उलगडलं. पदराच्या काठाला फॉल होता, टीप सुतासारखी सरळ. आणि पदराच्या कोपऱ्याला लाल चिमटा लावलेला होता. म्हणजे पदर कुठला हे त्याला नीट माहीत होतं. माझ्या गुडघ्याच्या शर्यतीसाठी त्याने मुद्दाम मंदाकाकूंची साडी शिवली होती.

मी पेगीला चिमटा दाखवला. ती इतकी हसली की तिला मशीनला धरावं लागलं. मग म्हणाली, "बस त्यावर. आता ते तुझं आहे. तू नेईपर्यंत तो मला शांत बसू देणार नाही." मी म्हटलं तारीख घेतलीय, शुक्रवारीच, आणि रद्द करणार नाही. तरी तिने स्टूल ओढलंच. मी बसले, पायडलवर पाय ठेवले. गुडघ्यातून कळ आली आणि मी थांबले. पेगीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. बेचाळीस वर्षं ती ते दोन शब्द गॅरेजच्या दारातून ऐकत आली होती.

"दाब," ती म्हणाली. "... सोड."